पायी नकाशा भरायला कुठं जावं? गोव्यातला माझा अनुभव

ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 पासून लोकांनीच भरत आणलेला नकाशा. त्यात नवीन आलेला माणूस आधी कोरी जागा शोधतो. गोव्यात कोरी जागा म्हणजे बहुधा सडा (कातळाचं उघडं पठार), रान नाहीतर शेत. तासभर चालून हाती एखादी पायवाट लागते. मी अर्धवट भरलेली जागा शोधतो. घरं आणि गल्ल्या कुणीतरी उपग्रहचित्रावरून काढलेल्या आहेत, पण दुकानांना नावं नाहीत, पायऱ्यांना कठडा आहे का ते माहीत नाही, अशा वाड्यात, म्हणजे वस्तीत, पावलागणिक काम निघतं.

तो वाडा घरबसल्या सापडतो. स्ट्रीटकंप्लीट हे नकाशातल्या त्रुटी प्रश्नांच्या रूपात विचारणारं फोनवरचं ॲप उघडून तिथवर नकाशा सरकवायचा आणि तेवढा भाग वायफायवर उतरवून घ्यायचा. मग वाटेत रेंज गेली तरी अडत नाही. प्रश्नांच्या खुणा दाट आणि वेगवेगळ्या जातीच्या असतील तर जावं. एकाच रस्त्यावर डांबर की माती एवढंच विचारत असेल तर ते काम दुचाकीवाल्यासाठी ठेवावं. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर नोंदींचा थर चालू करून लोकांनी टाकलेल्या शंकाही बघाव्यात. जुन्या शंका जागेवर गेल्याशिवाय सुटत नाहीत.

पणजीत माझी पहिली पसंती मळा आणि आल्तिनोच्या उताराला. इथल्या पायऱ्या झाडांखाली झाकलेल्या, वरून दिसतच नाहीत. पायरी नकाशावर नसेल तर पायी जाणाऱ्याला ॲप गाडीरस्त्याचा वळसा घालायला लावतं. चढ कुठल्या बाजूला, कठडा डावीकडे की दोन्हीकडे, दिवा आहे का, एवढं भरायचं. स्ट्रीटकंप्लीटमध्ये नवी वाट काढता येत नाही. तिथं फोटोसकट नोंद ठेवावी आणि घरी संगणकावर रेघ ओढावी. पणजीच्याच फोंतेन्यश भागातल्या अरुंद गल्लीत जीपीएसचा संकेत भिंतींवर आपटून येतो आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. अशा वेळी ठिपका विसरून घराच्या कोपऱ्यावरून जागा ठरवावी.

दुकानांसाठी एव्हरी डोअर हे दुसरं ॲप बरं. ते आयफोनवरही चालतं. जवळची दुकानं समोर येतात, अजून चालू असतील तर बरोबरची खूण दाबायची. वेळा भरताना दुपारची झोप विसरू नका: नऊ ते एक आणि साडेतीन ते आठ अशा दोन तुकड्यांत लिहावं लागतं. दुपारी दोन वाजता शटर खाली दिसलं म्हणून दुकान कायमचं बंद झालं असं ठरवणं ही इथली नेहमीची चूक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकेक विक्रेता नकाशात मांडू नये, बाजाराची हद्द आणि वार पुरे. किनाऱ्यावरच्या शॅकांनी सुरुवात तर मुळीच करू नका; पावसाआधी ती उतरवतात. घर क्रमांक दारावर वाचूनच घ्यावा, शेजारच्या घराचा पुढचाच असेल असं धरू नये.

कुळागरातली वाट जाताना आणि येताना अशी दोनदा जीपीएसनं नोंदवावी. माडा-पोफळींखाली रेघ वाकडीतिकडी येते, दोन्हींच्या मधून काढावी. आत शिरण्याआधी मालकाला विचारावं, आणि वाट खाजगी असेल तर तसं लिहावं. दिवाडी-चोडण बेटांवरच्या खाजन शेतातले (भरतीचं पाणी बांधांनी अडवून केलेल्या शेतातले) बांध चित्रात स्पष्ट दिसतात, पण चालण्याजोगे आहेत का हे पायांनाच कळतं. बांध कुठं फुटलाय, मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं बांधातलं दार) कुठं आहे, हे टिपण्यासाठी मी मुद्दाम तिकडं जातो. मानशीला नकाशात वेगळी खूण आहे आणि ती फार कमी जण टाकतात.

नाव गूगलच्या नकाशावरून उचलायचं नाही, परवान्यात बसत नाही. पाटी वाचायची, पाटी नसेल तर दुकानदाराला विचारायचं. देवनागरी पाटी मराठीत असली तर मराठी नावाच्या खणात ते नाव तसंच्या तसं भरायचं. रोमन स्पेलिंगवरून अंदाजानं लिहिलेली गावांची नावं पुढं कुणीतरी दुरुस्त करत बसतं.