पाणी शिळं होतं का?

आमच्या गल्लीत नळ आल्याचं आधी कानांना कळतं. पाइपातली हवा निघते, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखे नळ खोकतात, कुणीतरी "आलाऽ" म्हणून ओरडतं. त्यानंतरचा आवाज मात्र पाणी भरण्याचा नसतो, ओतण्याचा असतो. हंडे, कळशा, पिंपं दारात येतात आणि भडाभडा गटारीत पालथी होतात. धुळ्यात आमच्या भागात नळ कधी चौथ्या दिवशी येतो, कधी सहाव्या. तोवर तांब्या-तांब्याने जपलेलं पाणी पहिल्या दोन मिनिटांत गटारीला मिळतं. का, तर शिळं झालं.

समोरच्या काकूंशी मी यावरून वर्षानुवर्षं वाद घातला आहे. म्हणायचो, "काकू, नकाणे तलावात हे पाणी पावसाळ्यापासून पडून आहे. तिथे आठ महिने ताजं राहतं आणि तुमच्या हंड्यात चार दिवसांत शिळं होतं?" काकू हसायच्या आणि ओतायच्या. मला आपला मुद्दा बिनतोड वाटायचा. तसा तो अजूनही बिनतोडच आहे, फक्त आता मी तो बोलून दाखवत नाही. कारण दोन वर्षांपूर्वी मी घरात वीस लिटरचा एक टब आणला.

टब हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे बिनमातीच्या शेतीचा. झाकणाला बारा भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा कप, कपात थोडा नारळाचा भुसा आणि त्यात रोप. खाली खताचं पाणी, त्यात लोंबणारी मुळं आणि माशांच्या टाकीला लावतात तसल्या छोट्या पंपाने बुडबुडे सोडणारी एक नळी. 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द कॅलिफोर्नियातल्या गेरिक नावाच्या प्राध्यापकाने १९३७ मध्ये रूढ केला. आपल्याकडे १९४६ च्या सुमाराला कालिम्पाँगला याचे प्रयोग सुरू झाले होते. ही सगळी माहिती मी घरच्यांना उत्साहाने ऐकवली. नळ्या, बुडबुडे आणि ए-बी लिहिलेल्या खताच्या दोन बाटल्या पाहून बायकोने त्या कोपऱ्याचं नाव 'दवाखाना' ठेवलं. मायने झाकण उचलून आत पाहिलं आणि विचारलं, "माटी नही, मंग हाई झाडं खातस काय?"

दोन बाटल्या का, हे खानदेशात फार समजवावं लागत नाही. ठिबकमधून खत सोडणाऱ्या कुठल्याही केळीवाल्याला विचारा. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट-सल्फेटवालं खत घट्ट स्वरूपात एकत्र केलं की दही फाटल्यासारखा साका बसतो आणि ड्रिपर तुंबतात. रावेरकडचे माझे मामा माझी बाग पाहायला आले तेव्हा त्यांनी पालकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकच विचारलं, "फ्लश कधी करतोस?" मी म्हटलं, "काय फ्लश?" मामा गप्प बसले. आतला गाळ वेळोवेळी धुऊन काढतोस का, हा तो प्रश्न तेव्हाच मनावर घेतला असता तर पहिला पालक वाचला असता.

पहिली चूक टबाची. बाजारातून पांढरा, आरपार उजेड जाणारा टब आणला, कारण आतली मुळं दिसावीत अशी हौस. मुळांबरोबर आत ऊनही दिसायला लागलं. पाणी, खत आणि ऊन एकत्र आलं की शेवाळाला आणखी काय हवं? दहा दिवसांत टब पोपटी झाला. तिसऱ्या आठवड्यात झाकण उचललं तर उघड्या गटारीचा नसतो पण बंद डब्यातल्या फुलांचा असतो तसला वास. पालकाचा एक कप वर काढला. मुळं शेवयांसारखी पांढरीशुभ्र हवीत. ही चहाच्या चोथ्याच्या रंगाची होती. चिमटीत धरून हलकेच ओढलं तर वरची साल मोज्यासारखी सुटून बोटांत आली आणि आत केसाएवढा दोरा उरला. पानं मात्र अजून हिरवीगार, त्यांना अजून बातमी पोहोचली नव्हती.

हे पिथियम नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाचं काम. मिरचीच्या रोपवाटिकेत रोपं बुडाशी कोलमडतात, तेव्हा बहुतेकदा दोषी असतो तोच हा. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणजे मातीत वीतभर जायला त्याला जो वेळ लागेल, त्यात टबात तो बाराही घरं फिरून येतो.

मी काय केलं? पाणी ओतलं आणि नवं भरलं. चार दिवसांत वास परत. पुन्हा ओतलं, पुन्हा भरलं. चाळीस लिटर पाणी गेलं, खत गेलं, वास होता तिथेच. गल्लीला आठ वर्षं भाषण देणारा माणूस पहाटे अंधारात टब पालथा करत होता, आणि तोही काकू उठायच्या आत.

मायने तेव्हा टबाच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं. अंगठ्यावर घासून पाहिलं. "बुळबुळ लागी ऱ्हायनं ना बापू. घासं नही का?"

घासलं नव्हतं. पाणीच तर बदलायचं होतं! ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेली गादी. ती भिंतीला, नळीच्या आत, बुडबुड्यांच्या दगडाच्या भोकांत धरून बसते आणि नव्या पाण्यात पहिल्या तासापासून आपली माणसं सोडायला लागते. मी पाहुणे बदलत होतो आणि गादी तीच ठेवत होतो. मग मायला विचारलं, गल्लीतल्या बायका पाणी ओततात ते काय म्हणून? तिला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाली, "भरेल हंडा घासता येस का?"

हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. मी ओतण्याचा आवाज ऐकत होतो, त्यानंतरची काथ्याची खरखर कधी ऐकली नव्हती. (गटारीतच का ओतायचं, हा माझा मुद्दा शिल्लक आहे. माय स्वतः कधी गटारीत ओतत नाही, सडा टाकते.)

मायचे वडील पांझरेकाठी फडावर पाटकरी होते. पांझरा-मोसमच्या खोऱ्यात फड बागायतीची जुनी रीत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कुणाला कधी ते पाटकरी सांभाळायचा, राखणीला जागल्या असायचा. आणि वर्षातून एकदा पाणी बंद करून ज्याचं ज्याचं शेत पाटाखाली, तो तो माणूस गाळ काढायला यायचा. मायच्या आठवणीत त्या दिवशी पाटात मासे मिळायचे, म्हणून पोरं खूश. वाहतं पाणी असूनही पाट वर्षातून एकदा कोरडा करावाच लागे, आणि मी वीस लिटरच्या डबक्याला सूट दिली होती.

आता माझा नेम ठरला आहे. दर दुसऱ्या रविवारी टब रिकामा. आतून मऊ ब्रश, कोपऱ्यांना जुना दातांचा ब्रश. आमच्याकडचं पाणी जड, त्यामुळे पाण्याच्या रेघेवर पांढरा क्षार बसतो. त्याला व्हिनेगर लावून अर्धा तास सोडायचं. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या पाणीयोजनेत, लिफ्टने खाली उतरलं की दगडी बोगद्याच्या भिंतींवर तोच क्षार दिसतो. १६१५ पासूनचं पाणी आणि कुणी व्हिनेगर लावलेलं नाही. खानदेशच्या जुन्या राजधानीशी माझ्या टबाचं एवढंच नातं. क्षार गेला की टब धुवायचा आणि मग ब्लीचचं अगदी पातळ पाणी फिरवायचं. व्हिनेगर आणि ब्लीच एकाच वेळी टबात नको, विषारी वायू निघतो. न्हाणीघराचं दार लावून हे करणाऱ्याला तर मी हात जोडतो. शेवटी दोन-तीन पाण्यांनी खळबळून टब उन्हात पालथा टाकायचा. मधल्या आठवड्यात वास आल्यासारखा वाटला तर मेडिकलवर मिळतं ते जखमेवर फसफसणारं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड, लिटरला दोन-तीन मिलिलिटर. पण ते औषध आहे, आंघोळ नव्हे. टब बाहेरून आधी काळा रंगवला, उजेड अडावा म्हणून. मग त्यावर पांढरा, कारण नुसता काळा टब धुळ्याच्या उन्हात म्हणजे बंबच.

ऊन हा वेगळा अध्याय. एप्रिलमध्ये गच्चीवर टबातलं पाणी ३५ अंशांवर गेलं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ ला जेमतेम ७. म्हणजे मुळांना धाप लागते तेव्हाच हवा कमी, आणि पिथियमला नेमकी हीच ऊब मानवते. टब खाली मोरीजवळच्या सावलीत आणला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, दुपारी बर्फाची बाटली सोडायला लागलो. बायको म्हणाली, घरात माणसांना कूलर नाही आणि पुदिन्याला बर्फ. मे महिन्यात लेट्यूसचा नादच सोडला. ४४ अंशांत लेट्यूस लावणं म्हणजे कळण्याच्या भाकरीवर चीज किसणं, होतं, पण कुणी सांगितलंय! पुदिना मात्र टिकतो. पुदिना कशातही टिकतो, त्याची मुळं पंपाच्या नळीत शिरून पंप बंद पाडतात.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. झाडं पाणी भराभर पितात, खत त्या मानाने कमी. पातळी उतरते आणि उरलेलं पाणी खारट होत जातं. मी आधी तूट भरताना दर वेळी खताचंच पाणी घालत होतो आणि पानांच्या कडा करपत होत्या. पाण्यातले क्षार मोजणारा मीटर लावला तेव्हा उलगडलं की वर साधं पाणी घालायचं असतं. आणि तेही नळाचं ताजं नाही. नळाला क्लोरिनचा वास असतो, म्हणून ते एक रात्र उघड्या बादलीत ठेवून मग घालायचं. हे मी काकूंना अजून सांगितलेलं नाही.

आणि डास. गेल्या पावसाळ्यात आरोग्य खात्याच्या ताई बॅटरी घेऊन घरोघरी भांडी तपासत आल्या. कूलर नाही, टायर नाही, मी निर्धास्त. ताईंनी टबाकडे पाहिलं. "हे काय?" मी प्राध्यापक गेरिक यांच्यापासून सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं आणि जिथलं कोथिंबिरीचं रोप मी काढून टाकलं होतं, त्या एका रिकाम्या भोकात उजेड टाकला. खाली स्वल्पविरामासारखे जीव वळवळत होते. वीज गेल्यामुळे पंप आदल्या दोन दिवसांत बराच वेळ बंद होता, पण अळ्या काही दोन दिवसांच्या दिसत नव्हत्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यालाच येतो आणि अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडून कित्येक महिने तग धरतात. म्हणून ताई म्हणाल्या, "नुसतं ओतू नका भाऊ, घासा." बायको मागे उभी होती. माय आतून खोकली. तेव्हापासून माझ्या टबाला रिकामं भोक नाही, जिथे रोप नाही तिथे बाटलीचं बूच.

काढलेलं पाणी कढीपत्त्याला, जास्वंदीला, उरलं तर शेजारच्या शेवग्याला जातं. त्यात खत असतंच, मातीला ते चालतं. शेवगा यंदा इतका माजला की शेजाऱ्यांनी शेंगांची जुडी आणून दिली.

परवाच्या रविवारी टब धुवायला काढला आणि नेमका नळ आला. बारा रोपं आंघोळीच्या बादलीच्या काठावर मुळं लोंबत बसवली, टबाला ब्लीच फिरवलं आणि एक भरलेली बादली कढीपत्त्याकडे घेऊन निघालो. समोर काकू हंडा तिरपा करून उभ्या. ओतता ओतता थांबल्या, माझ्या हातातल्या बादलीकडे पाहिलं. "काय भाऊ, शिळं व्हई गयं का?"

मी काही उत्तर जुळवतोय तोवर नळ खोकला, दोनदा गुळण्या केल्यासारखं करून बंद पडला. दहा मिनिटंही आला नव्हता. टब ब्लीचने बरबटलेला, झाडं बादलीवर ताटकळलेली, आणि बायको टॉवेल घेऊन दारात, आंघोळ कशात करू म्हणून.

माय आत गेली. माठाच्या मागे, परकराच्या कापडाने झाकलेलं तिचं एक पिंप असतं, त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यातलं पाणी कळशीत काढून ती मोरीपाशी आली.

"चार रोजनं से," ती म्हणाली. "चाली का तुले?"