बारा ड्रॅक्मांची पाटी

कार्डावर जुन्या शाईत एवढंच होतं: 'वजन. अथेन्स. 12 ड्रॅक्मा. इ.स.पू. चौथं शतक.'

जर्मनीतल्या एका छोट्या संग्रहालयाच्या नाणेविभागात मी नोंदणीचं काम करते. नाण्यांबरोबर आमच्याकडे नाणी तोलायची जुनी वजनंही आहेत. त्या आठवड्यात एकेक वजन काट्यावर ठेवून जुनी कार्डं संगणकावर चढवणं चाललं होतं. ही पाटी पितळी रंगाची, चौकोनी, काडेपेटीपेक्षा लहान, पण हातात घेतल्यावर चांगली जड. वरून हिरव्या गंजाचा जाड थर. काटा म्हणाला 53.06 ग्रॅम. ड्रॅक्मा हे प्राचीन ग्रीकांचं वजन आणि नाणंही, अथेन्सचा ड्रॅक्मा 4.366 ग्रॅमचा. मी त्याने भागलं, 12.15 आले. बारा ड्रॅक्मा, वर थोडं कीट. कार्ड बरोबर आहे अशी खूण करून मी पुढे गेले.

हा 4.366 कुठून येतो ते सांगायलाच हवं, कारण मला तो आकडा फार प्रिय आहे. इ.स.पू. 188 मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या अपामियाला रोमने पश्चिम आशियातल्या सेल्युकिड घराण्याचा राजा तिसरा अँटिओकस याच्याशी तह केला. खंडणी ठरली 12,000 टॅलंट (ग्रीकांचं मोठं वजन) चांदी, बारा वर्षांत फेडायची. पण रोमनांनी तिथे एक अट घातली, ती ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने नोंदवून ठेवली आहे: चांदी उत्तम अ‍ॅटिक, म्हणजे अथेन्सच्या प्रमाणाची हवी आणि एक टॅलंट 80 रोमन पौंडांहून कमी भरता कामा नये. टॅलंट म्हटलं की कोणता टॅलंट, हा वाद होणार हे त्यांना ठाऊक होतं! रोमन पौंड आपण 327.45 ग्रॅमचा धरतो. त्याला 80 ने गुणा, टॅलंटमध्ये 6,000 ड्रॅक्मा म्हणून 6,000 ने भागा. 4.366. अथेन्सची घुबडछाप चार ड्रॅक्मांची नाणी काट्यावर 17.2 ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे हिशेब जुळतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या प्रयोगशाळेतून फोन आला. आमच्या धातुसंवर्धक बाई तीस वर्षं हेच काम करताहेत, विनाकारण कुणाला बोलावत नाहीत.

"जरा खाली या. तुमच्या अथेन्सच्या वजनावर काहीतरी आहे."

सूक्ष्मदर्शकाखाली पाटीचा एक कोपरा त्यांनी मोकळा केला होता. हिरव्या थराखाली चांदीची बारीक रेघ, धातूत खोदून बसवलेली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो. एक उभी रेघ, तिला छेदणारी आडवी. डाव्या बाजूला गामा हे ग्रीक अक्षर आणि त्याला चिकटून छोटा ओमिक्रॉन, उजवीकडे बीटा.

"हा क्रूस आहे," त्या म्हणाल्या. "ख्रिस्ताच्या आधी चारशे वर्षं अथेन्समध्ये क्रूस?"

मला बोलता येईना. गामा आणि ओमिक्रॉन ही औंसाची खूण, बीटा म्हणजे दोन. दोन औंस. पाटी बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली होती, इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकांत असली वजनं वापरात होती. कार्डावरची तारीख आठ-नऊशे वर्षांनी चुकली होती आणि तिच्यावर बरोबरची खूण मी केली होती.

चूक घडली कशी, हे कळल्यावर मात्र मी कागद ओढून पुन्हा हिशेबाला बसले. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने सॉलिडस हे सोन्याचं नाणं काढलं ते पौंडाला 72. पौंडात औंस बारा, म्हणजे औंसाला सहा सॉलिडस. दोन औंसांना? बाराच! सॉलिडस कागदावर 4.55 ग्रॅम, पण हाताळलेली नाणी 4.4 च्या आसपास भरतात. साफ केल्यावर पाटी 52.71 भरली. बाराने भागलं तर 4.39. अ‍ॅटिक ड्रॅक्मा आणि झिजलेला सॉलिडस काट्यावर जवळजवळ जुळे निघतात. भागाकारात काहीच चुकलं नव्हतं, आम्ही भागत होतो चुकीच्या नाण्याने.

सोनं तेव्हा मोजून नव्हे, तोलून घेत, कारण कडा कातरलेली नाणी फिरत असत. सॉलिडसवरून होणारे तंटे मिटवायला सम्राट ज्युलियनने 363 साली शहराशहरांत तोलणारे अधिकारी नेमायला लावले. अशा कुणाच्या तरी तराजूत ही पाटी बसत असणार.

त्या रात्री मला आजीच्या पाटल्यांची पावती आठवली. साताऱ्याच्या सोनाराने तोळे, मासे, गुंजा असं लिहिलेलं. तो तोळा 11.66 ग्रॅमचा. आज त्याच पेठेत तोळा म्हणतात तो सरळ 10 ग्रॅमचा. आईने त्या पाटल्या मोडायला नेल्या तेव्हा पावतीवरचे तोळे आणि दुकानदाराचे तोळे जुळेनात, आणि घरात दोन दिवस नुसता संशय पसरला होता. ड्रॅक्माचंही तेच आहे. ग्रीसमधल्याच एजिनाचा सहा ग्रॅमच्या वर, कॉरिंथचा तीनलाही पोचत नाही. रोमन लेखक प्लिनी सांगतो की अ‍ॅटिक ड्रॅक्मा म्हणजे देनारियस या रोमनांच्या चांदीच्या नाण्याचं वजन. पण देनारियस तरी कुठला? तो पौंडाला 72 पासून 84 वर आला आणि सम्राट नीरोने इ.स. 64 साली 96 वर नेला. सेल्सस हा वैद्यकावर लिहिणारा रोमन लेखक मला म्हणून आवडतो. औषधांची मापं देण्याआधी तो सांगून टाकतो की माझ्या औंसात सात देनारियस. शिवाय देनारियसचा सहावा भाग म्हणजे ग्रीकांचा ओबोल, आणि आपल्या मापात तो अर्ध्या स्क्रूपलहून (स्क्रूपल म्हणजे औंसाचा चोविसावा भाग) किंचित जास्त, हेही. वाचणाऱ्याची फसगत होऊ नये ही काळजी त्या ओळीत आहे.

सकाळी मी नोंदीत नवा रकाना घातला: एकक कुठल्या प्रमाणाचं, आणि ते कशावरून ठरवलं. वजनावरून, अक्षरांवरून की सापडल्या जागेवरून. मग तो खण पूर्ण रिकामा केला. तळाशी आणखी एक चौकोनी पाटी होती. त्याच हस्ताक्षरातलं कार्ड: '6 ड्रॅक्मा.' काट्यावर 26.51. भागाकार न करताच ती घेऊन मी खाली प्रयोगशाळेत गेले.