सर्व्हरवर मराठी-गुजराती पीडीएफ काढताना फॉन्टचं लायसन्स: माझा अनुभव

मी पुण्यातून एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बघतो. ठेवपावत्यांच्या पीडीएफ मराठी, गुजराती आणि इंग्रजीत निघतात, कारण एक शाखा वापीला आहे. माझ्या लॅपटॉपवर विंडोजचा मंगल फॉन्ट लावून सगळं छान दिसत होतं, सर्व्हर मात्र लिनक्सचा, तिथे मराठीच्या जागी नुसते चौकोन. पहिल्यांदा वाटलं मंगलची फाइल उचलून सर्व्हरवर टाकावी, पण विंडोजसोबत आलेले फॉन्ट असे दुसऱ्या मशीनवर कॉपी करता येत नाहीत, म्हणून सोडलं.

मग संस्थेने लेटरहेडसाठी विकत घेतलेला फॉन्ट होता तो घेतला. फॉन्टच्या आत एफएसटाइप म्हणून एक आकडा असतो, ० म्हणजे एम्बेड करायला, म्हणजे फॉन्ट पीडीएफच्या आत भरायला, मोकळीक, २ म्हणजे बंदी, ४ म्हणजे फक्त बघा नि प्रिंट करा. आमचा ० निघाला, मी निवांत झालो, पण करार शेवटपर्यंत वाचला तर लायसन्स फक्त डेस्कटॉपचं, सर्व्हरने आपोआप पावत्या काढायच्या तर वेगळं घ्यायला हवं. हे खरंच नीट लक्षात ठेवा, एम्बेडला परवानगी आहे म्हणजे सर्व्हरवर ठेवायलाही आहे असं नसतं, आकडा बघून थांबू नका, करार वाचा.

शेवटी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट घेतला, गुजरातीसाठी त्याच घराण्यातला मुक्ता वाणी. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर, सर्व्हरवर ठेवा, एम्बेड करा, सॉफ्टवेअरसोबत द्या, फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही आणि फॉन्ट देताना लायसन्सची फाइल सोबत द्यायची. पावतीला ते लायसन्स चिकटत नाही, हे संस्थेच्या सेक्रेटरींना दोनदा सांगावं लागलं.

तरी पहिल्या पावतीत ‘शिवाजीनगर’ची वेलांटी श च्या उजवीकडे गेलेली आणि ‘कऱ्हाड’ तुटलेलं. त्यात फॉन्टची चूक नव्हती, मी पीडीएफ बनवायला एफपीडीएफ२ ही पायथनची लायब्ररी वापरतो आणि त्यात टेक्स्ट शेपिंग, म्हणजे मात्रा-जोडाक्षरं नीट बसवणं, आपल्याला चालू करावं लागतं, त्यासाठी लागणारी युहार्फबझ ही लायब्ररी इन्स्टॉल केली आणि अक्षरं जागेवर आली.

आता प्रत्येक बदलानंतर पीडीएफमधले फॉन्ट दाखवणारी पीडीएफफॉन्ट्स कमांड चालवतो, फॉन्टच्या नावाआधी सहा कॅपिटल अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं की समजायचं लागतील तेवढीच अक्षरं आत गेलीत. पावतीतून नाव कॉपी केलं तर काही जोडाक्षरं अजून फुटतात, म्हणून शोधायला सभासद क्रमांक इंग्रजी आकड्यांत ठेवलाय.