तुम्ही विचारलंत म्हणून: जिम सोडून लायपो का केलं?

लग्नात, ऑफिसात, लेडीज डब्यात, कुठेही गेले तरी तेच. "अगं जिम लावायचं ना, डायरेक्ट ऑपरेशन कशाला?" आणि लगेच, "किती किलो उतरलं?" लायपो म्हणजे लायपोसक्शन, नळीने चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, मी मांड्यांचं केलं. एकदाच नीट लिहिते.

किलो फारसे उतरले नाहीत, कारण हे वजनाचं ऑपरेशन नाहीच. एका वेळी 5 लिटरच्या वर काढलं की धोका वाढतो म्हणून डॉक्टर हात आखडता घेतात, आणि त्यातही नुसती चरबी नसते, आधी टोचलेलं पाणी पण असतं. शुगर कमी होते का असं मामी विचारते, तर नाही. अमेरिकेत काही बायकांच्या पोटावरची नऊ-दहा किलो चरबी अशी काढून तपासलं होतं, 2004 ला छापून आलं, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल काही सुधारलं नव्हतं.

आणि जिम मी केलंय हो. वर्षानुवर्षं. गाल बसायचे, हात बारीक व्हायचे, मांड्या जशाच्या तशा, आईच्या आहेत तशा, मावशीच्या आहेत तशा. मे महिन्यात दादरचा पूल चढून-उतरून ऑफिसला पोचेपर्यंत मांड्या घासून आतून सोलवटलेलं असायचं, वर घामाची आग. हे कुणाला सांगणार?

माझं झालं ते पॉवर लायपो, म्हणजे लेझर नाही. नळीला मोटर असते, टोक काही मिलिमीटर मागेपुढे हलतं पण मिनिटाला हजारो वेळा, त्यामुळे डॉक्टरला हाताने तेवढं रेटावं लागत नाही. आधी सलाईनमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळून भरतात म्हणून रक्त कमी जातं. मशीन आहे म्हणजे दुखणार नाही असं मात्र कुणी समजू नका.

ऑपरेशननंतर घालावं लागतं त्या घट्ट गारमेंटचं सांगते. दोन दिवस टाक्यांतून गुलाबी पाणी गळत होतं, गादीवर रबरी कापड, आणि आई लालबागहून राहायला आलेली, तिचा या सगळ्याला विरोध होता तरी. गारमेंट पहिल्यांदा काढताना चक्कर येऊ शकते, दाब एकदम सुटतो आणि रक्त पायांत उतरतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून खाऊन, बाथरूममध्ये स्टुलावर बसूनच काढायला घेतलं. आई एकेक हुक सोडवत होती. मांडीपासून गुडघ्यापर्यंत सगळं काळंनिळं, मधे मधे पिवळं. तिचा हात थांबला. मला अंधारी आली, घाम फुटला, तिने माझं डोकं पोटाशी घट्ट धरलं, साडी सगळी भिजली, आणि मी जरा सावरल्यावर म्हणाली, "माझे पण पाय असेच आहेत ना गं. मग इतकी वर्षं माझ्याकडे बघून तुला काय वाटत होतं?"

मला काही बोलता आलं नाही. तिने पाणी घातलं, पुसलं, हुक परत लावले, आणि आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही.

ऑपरेशनच्या आधीची मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे की हे फक्त मांड्या घासतात म्हणून आहे, त्रासासाठी आहे, दिसण्याचा संबंध नाही. संबंध होता. जीन्स होती, फोटो होते. पण त्रास खोटा होता का? तोही खरा होता, आता चालताना सोलवटत नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. दिसायला बरं वाटावं असं वाटणं हा गुन्हा आहे का, हेही विचारेन. आणि तरी आईच्या प्रश्नापुढे यातलं काहीच टिकत नाही.

डाव्या मांडीवर एक भाग अजून बधिर आहे, हात फिरवला तर किंचित खाचही लागते. मेडिक्लेमने एक रुपया दिला नाही, कॉस्मेटिकला देत नाहीत. करायचंच असेल तर पार्लरछाप क्लिनिकमध्ये जाऊ नका, प्लास्टिक सर्जन आणि भूलतज्ज्ञ असलेलं पूर्ण हॉस्पिटल बघा, पायात गुठळी होऊ शकते, चरबी रक्तात जाऊ शकते, क्वचित जीवही जातो.

भाचीचे पाय आमच्यासारखेच आहेत आणि ती आता हळूच विचारायला लागलीय. हो म्हणावं की नाही, माझं ठरत नाही. पण "जिम लाव" एवढं म्हणून तिला मी गप्प बसवणार नाही.