सिगार किती मुरवायचा? आधी डबा उलटा करा

दुबईहून सुट्टीला आलेल्या भाच्याने पार्टागास सेरी डी नंबर चार या क्युबन सिगारचा डबा टेबलावर ठेवला. पंचवीसचा. विमानतळावर कस्टम्सही पंचवीसच सोडतं, त्यामुळे हिशेब चोख. "मामा, आता हा किती वर्षं ठेवायचा?"

मी डबा उलटा केला. क्युबन डब्याच्या बुडाला 'हेचो एन कुबा' आणि 'तोतालमेंते आ मानो' असे डाग दिलेले शिक्के असतात, म्हणजे क्युबात बनवलेला आणि पूर्णपणे हाती वळलेला. त्यांच्या बाजूला शाईचा एक साधा ठसा असतो. तीन अक्षरं कारखान्याच्या सांकेतिक खुणेची, आणि खाली महिना-वर्ष, तेही स्पॅनिशमध्ये. 'एने' म्हणजे जानेवारी, 'आगो' म्हणजे ऑगस्ट. शाई बऱ्याचदा फिकी आणि तिरकी, मोबाइलचा टॉर्च मारल्याशिवाय वाचता येत नाही. पण मोजणी सुरू होते ती इथून. दुकानातून घेतल्याच्या तारखेला काही अर्थ नाही. दुकानदाराच्या शेल्फवर तो तीन आठवडे होता की तीन वर्षं, हे पावती सांगत नाही.

मी गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत स्टॅबिलिटी विभागात आहे. आमचं काम म्हणजे गोळ्या ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत कोंडून ठेवायच्या आणि ठरल्या महिन्यांना बाहेर काढून तपासायच्या. शून्य, तीन, सहा, नऊ, बारा, अठरा, चोवीस, छत्तीस. हेच वेळापत्रक मी घरी सिगारलाही लावतो. दर खेपेला दोन सिगार काढायचे. एखादा घट्ट वळलेला निघाला, धूरच येईना, तर दुसरा असतो. आठ खेपांत सोळा जातात, नऊ उरतात. ते नऊ कधी ओढायचे हे तोवर तुमचं तुम्हालाच कळलेलं असतं.

या धंद्यात असल्यामुळे माझं एक मत झालंय, ते सिगारवाल्या मित्रांना फारसं आवडत नाही. ठेवून ठेवून सिगारमध्ये नवीन काही येत नाही, जातं ते जातंच. आधी अमोनिया जातो, मग घशाला टोचणारा तिखटपणा बोथट होतो, ताकद हळूहळू उतरते, आणि शेवटी वासाची तेलंही उडतात. मधे एक काळ असा येतो की जायला हवं ते गेलेलं असतं आणि राहायला हवं ते शिल्लक असतं. तेवढी खिडकी गाठायची. 'जितका जुना तितका भारी' हे दुकानदारांनी पसरवलेलं आहे, जुन्या डब्याला चढा भाव मिळतो म्हणून.

आणि ही वाट सगळ्यांनी बघायची गरजही नाही. निकाराग्वाच्या पाद्रोन कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांच्या १९६४ मालिकेतला तंबाखू चार वर्षं मुरवलेला असतो, १९२६ मालिकेतला पाच वर्षं. तुमच्या वाटची वाट त्यांनीच बघून झालेली आहे. असा सिगार प्रवासातून आला की तीन-चार आठवडे ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओल सांभाळणाऱ्या पेटीत, निवू द्यावा आणि ओढावा. मदुरो, म्हणजे काळपट पानाचा, त्यालाही घरी फार ठेवून काही मिळत नाही. ते पान जास्तीच्या फर्मेंटेशनमधूनच आलेलं असतं.

क्युबाचं वेगळं. तिथेही पानांच्या थप्प्या लावून ती तापवतात, मग गाठोडी बांधून गोदामात ठेवतात. पण वळलेला सिगार कित्येकदा ताजाच बाजारात येतो. झाडाच्या शेंड्याकडचं 'लिजेरो' पान जास्त असलेला दणकट सिगार असेल तर त्याला वेळ हवाच. उलट ओयो दे मोंतेरेचा एपिक्युर नंबर दोन मुळातच मवाळ, तो पाच-सात वर्षं ठेवला तर हातात नुसता ऊन धूर राहील. क्युबाचे सिगार जगभर विकणाऱ्या खुद्द हाबानोस कंपनीने २०१४ मध्ये 'आन्येहादोस' नावाने पाच ते आठ वर्षं क्युबातच ठेवलेले सिगार विकायला काढले. म्हणजे मुरवण्यात तथ्य आहे हे त्यांनाही मान्य, फक्त भाव त्यांनी लावायचा.

सेरी डी नंबर चारचा माझा अनुभव असा. शिक्क्यापासून तीन महिन्यांचा असताना मिरीसारखा तिखट, पण मजेदार. नऊ महिन्यांना अगदी मिटलेला. न पेटवता नुसता ओढून बघितला तर नाकात अमोनिया, पेटवल्यावर जिभेवर धातूची चव. जाणकार याला सिगारचं आजारपण म्हणतात. बरेच लोक नेमके इथेच वैतागून डबा वाटून टाकतात. अठराव्या महिन्याला तो पुन्हा उघडतो. दोन ते पाच वर्षांत मला तो सगळ्यात आवडतो: ताकद आहे, पण ओरडत नाही. म्हणून भाच्याला सांगितलं, एक तर आत्ता दोन ओढ, नाही तर दीड वर्ष त्याच्याकडे बघू नकोस.

आता आपल्या हवेचं बोलू. मुरवण्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक लंडनसारख्या थंड गावात राहणाऱ्यांनी. तिथे हवेत ओल कशी आणायची ही चिंता. फोंड्यात जुलैत हवेची ओल नव्वदीला टेकते, चामड्याच्या चपलांना बुरशी येते. इथे ओल काढायची असते. ओल शोषणाऱ्या आणि गरज पडली तर देणाऱ्याही बोवेडाच्या पुड्या त्यासाठी बऱ्या. मी ६५ टक्क्यांची वापरतो, ७० ला सिगार पावसाळ्यात मध्येच विझतो. आर्द्रतामापकावर मात्र विश्वास ठेवू नका, तो तपासून घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, पाण्याचे चार थेंब टाकून चिखलासारखं करा, मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७१ दाखवला तर यापुढे चार मिळवून वाचा. ऑफिसात लाखोंचे चेंबर आहेत, तरी मिठाचं हे तत्त्व तिथेही चालतंच.

खरा शत्रू उष्णता. तंबाखूतला किडा पानातून अंड्याच्या रूपाने येतो, आणि हवा पंचविशीच्या पुढे गेली की अळ्या सुटतात. टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं की समजा. हाच किडा हळद, धणे, सुकी मिरचीही खातो, त्यामुळे पावसाळ्याच्या बेगमीच्या कपाटात ह्युमिडॉर ठेवणं म्हणजे दोघांचंही वाटोळं. वीस अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. मी सिगार हवाबंद डब्यात, देवदाराच्या पट्ट्यांसकट, आणि तो डबा छोट्या वाइन कूलरमध्ये अठरा अंशांवर ठेवतो. कूलर थंड करताना हवा कोरडी करतो, म्हणून आतला डबा हवाच. (या पट्ट्यांना स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते झाड देवदारही नाही आणि स्पेनचंही नाही. ते मध्य-दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं.)

पांढरी भुकटी दिसली तर 'तेल फुललंय' म्हणून खूश होणारे भेटतात. बहुतेक वेळा ती बुरशी असते. पुसा, नाकाला लावून बघा, कुबट वास आला तर फेका.

धूर तो धूर, मुरलेला असला तरी. फुप्फुसांच्या डॉक्टरांपुढे माझं हे वेळापत्रक टिकणार नाही, ते मला ठाऊक आहे. महिन्याला एखाद-दुसरा, इतकंच.

भाच्याचा पुढचा बेत होता की यातले दहा त्याच्या मुलाच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत ठेवू. मुलगा सध्या दोन वर्षांचा. म्हटलं, ठेव की, पण दुबईत तुझ्याच घरी ठेव. इथे मे महिन्यात वीज दुपारभर जाते, आणि सोळा मे महिने तुझ्या सिगारसाठी इन्व्हर्टर राखून ठेवायला तुझी मामी तयार नाही.