चाल

दुपारी शेजारच्या घरात शिलाई मशीन सुरू झाले आणि त्याच्या एकसुरी टकटकीने मला थेट १९७१ सालच्या 'शाफ्ट' या अमेरिकी चित्रपटाच्या आरंभापाशी नेऊन सोडले. भुयारी रेल्वेच्या जिन्यावरून वर आलेला त्याचा नायक रिचर्ड राउंडट्री न्यूयॉर्कच्या रहदारीतून चालत राहतो, एवढेच तिथे घडते. पण संगीतकार आयझॅक हेजच्या त्या फंक रचनेतली, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकेच्या ठेकेबाज संगीतातली, विली हॉलच्या हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या जोडझांजेची, बारीक, न थांबणारी टिकटिक आणि तिच्यावर चार्ल्स पिट्सच्या गिटारचे ते 'वाका-वाका' ऐकले, की हा मनुष्य कोणासाठीही बाजूला होणार नाही, हे आपल्याला उमगते. तबकडीवर तर दोन मिनिटांहून अधिक वेळ कोणी गातच नाही, आणि तरीही १९७२ साली सर्वोत्कृष्ट गाण्याचे ऑस्कर त्यालाच मिळाले.

गिटारचा तो 'वाका-वाका' मुळात पायाचा आहे. वादक पायाखालची पट्टी पुढे-मागे दाबतो, तसतसा स्वर उघडतो आणि मिटतो. आमच्या आईचे मशीनही पायाने चालवायचे होते. तिचा पाय थांबला, की मी खाली बसून त्या जाळीदार लोखंडी पट्टीवर दोन्ही तळहात दाबत असे. दोरा तुटे आणि वरून टपली मिळे. रेडिओवर तेव्हा १९७८च्या 'डॉन'मधले आशाबाईंचे 'ये मेरा दिल' लागले, तर त्यात अमेरिकी फंकचे काही आहे, हे आमच्या ध्यानीमनीही नसे. पुढे २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटाने त्याच गाण्याचा तुकडा आपल्या गाण्यात घेतला. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, हा रिवाज कल्याणजी-आनंदजींनी नकळत पाळला म्हणायचा.

'शाफ्ट'नंतर वर्षभराने आलेल्या 'सुपर फ्लाय'चा नायकही असाच ऐटीत चालतो. तो कोकेन विकतो आणि कॅमेरा त्याच्या कपड्यांवर भाळलेला असतो. गायक-संगीतकार कर्टिस मेफील्डची गाणी मात्र त्या धंद्यात कोण मरते, ते सांगत राहतात. त्यांतले एक, फ्रेडी नावाच्या साथीदाराच्या मरणावरचे, तबकडीवर शब्दांसह आहे. चित्रपटात ते शब्द नाहीत. तिथे नुसती चाल वाजते.