भेगाळणाऱ्या जमिनीत पाणी आणि कर्ब मोजताना

खोल काळ्या रानात मे महिन्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. जुलैत तीच भेग बुजलेली असते, शोधूनही सापडत नाही. म्हणजे मे ते जुलै या काळात जमिनीचं आकारमानच बदललेलं असतं. पाणी आणि कर्ब मोजायची आपली बहुतेक सूत्रं मात्र आकारमान पक्कं धरून चालतात. काळ्या जमिनीच्या नोंदींत जो घोळ दिसतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

या जमिनीत चिकणमाती ५०–६० टक्क्यांपर्यंत असते आणि ती स्मेक्टाइट गटातली. या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. रंग काळा म्हणून कर्ब भरपूर, हा समज तेवढा सोडून द्यावा. काळेपणा थोड्याशा सेंद्रिय पदार्थाच्या चिकणमातीशी झालेल्या घट्ट बांधणीतून येतो. प्रत्यक्षात कोरडवाहू काळ्या रानात सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा अर्धा टक्काही भरत नाही.

आता हिशोब बघू. हेक्टरी कर्बाचा साठा काढायला साधं सूत्र आहे: कर्बाची टक्केवारी गुणिले घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) गुणिले सेंटिमीटरमधली खोली. कर्ब ०.५ टक्के, घनता १.३, खोली ३० सेंमी धरली तर हेक्टरी १९.५ टन येतात. तीच माती उन्हाळ्यात आकसल्यावर दोन भेगांमधल्या ढेकळाची घनता १.५ भरते, आणि साठा येतो २२.५ टन. कर्ब कणभर वाढलेला नाही आणि कागदावर ३ टन वाढले. कोर, म्हणजे नमुना काढायची नळी, ठोकताना आपण ढेकूळ निवडतो, भेगेची पोकळी त्यात येतच नाही. शिवाय जमीन आकसून खाली बसलेली असते, त्यामुळे ३० सेंमीच्या मापात खालची माती वर आलेली असते. दोन्ही चुका एकाच नमुन्यात.

हा ३ टनांचा फरक किती मोठा आहे, ते हैदराबादजवळच्या पटानचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतल्या प्रयोगावरून कळतं. तिथे १९७६ पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारीशेजारी चालू आहेत: रुंद वरंबा-सरीवर ज्वारी-तुरीसारखी सुधारित पीकपद्धत आणि पावसाळ्यात रान पडीक ठेवून रब्बीत पेरण्याची पारंपरिक रीत. २४ वर्षांनी १२० सेंमी खोलीपर्यंतचा सेंद्रिय कर्ब सुधारित पद्धतीत हेक्टरी ४६.८ टन आणि पारंपरिकमध्ये ३९.५ टन भरला. फरक ७.३ टन, म्हणजे वर्षाला साधारण ०.३ टन. खरा बदल एवढ्या सावकाश होतो. चुकीच्या ओलीत घेतलेला एक कोर दहा वर्षांच्या मेहनतीएवढा खोटा फरक दाखवू शकतो.

म्हणून माझा आग्रह एका गोष्टीचा आहे: या जमिनीत खोलीवर नव्हे, वजनावर हिशोब करा. आतला व्यास ५ सेंमी असलेली नळी घ्या, तिचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी होतं. वाफसा असताना १०–१० सेंमीचे थर काढत ४० सेंमीपर्यंत जा. प्रत्येक थराची सगळी माती पिशवीत भरा, सांडू देऊ नका, आणि ओलं वजन रानातच घ्या. नंतर ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला वाळवा. २४ तास हा पुस्तकी आकडा आहे, भारी चिकणमातीला ४८ तासही लागतात. सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबायचं. कर्बासाठी लागणारी माती वाळवण्याआधी बाजूला काढून सावलीत सुकवा आणि तिच्या ओलीची वजावट हिशोबात धरा.

समजा एका थराची कोरडी माती २५५ ग्रॅम भरली. भागिले १९.६ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १३ ग्रॅम, आणि त्याला १०० ने गुणलं की हेक्टरी १,३०० टन माती. असे तीन थर म्हणजे ३,९०० टन. पुढच्या वेळी जमीन कोरडी असेल तर तेवढीच माती २६ सेंमीमध्ये मिळेल. मग कर्बही २६ सेंमीपर्यंतचाच मोजायचा, ३० पर्यंतचा नाही. दोन वर्षांची तुलना ३,९०० टन मातीतल्या कर्बाची करायची. खोली केवळ नोंदीपुरती.

याच नळीतून पाणीही थेट निघतं, हे फार सोयीचं. त्या २५५ ग्रॅम मातीत ओलं आणि कोरडं वजन यांत ७६ ग्रॅमचा फरक असेल, तर ७६ भागिले १९.६ म्हणजे ३.९ सेंमी, अर्थात त्या थरात ३९ मिलिमीटर पाणी. घनता वेगळी मोजायची गरजच उरली नाही. फक्त वाफशातच हे काम करा. कोरड्या रानात भेगांची जागा या हिशोबातून निसटते. रान चिखलात असेल तर नळीच्या भिंतीला माती चिकटून थर दबतो. नळी आत गेल्यावर आतल्या आणि बाहेरच्या मातीची पातळी पाहा. आतली खाली गेली असेल तर तो नमुना दाबला गेलेला आहे, टाकून शेजारी दुसरा घ्या.

प्रयोगशाळेत दुसरा सापळा आहे तो चुनखडीचा. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसली, तर सावध व्हा. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या १२ टक्के कर्ब असतो. १० टक्के चुनखडीच्या मातीत १.२ टक्के कर्ब हा असा दगडातला, आणि सेंद्रिय कर्ब जेमतेम ०.५. नमुना जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या यंत्रात तो तसाच घातला तर आकडा तिपटीहून जास्त येतो. आधी आम्लाच्या वाफेत ठेवून चुनखडी काढावी लागते, किंवा ती वेगळी मोजून वजा करावी लागते. भट्टीत जाळून वजनातली घट मोजायची पद्धत तर काळ्या मातीला लावूच नये. स्मेक्टाइटच्या रचनेतलं पाणीही त्या उष्णतेला उडतं आणि ते सगळं सेंद्रिय पदार्थाच्या खात्यात जमा होतं.

आपल्या बहुतेक माती परीक्षण प्रयोगशाळांत वॉकली-ब्लॅक पद्धत चालते, १९३४ सालची. चुनखडीच्या बाबतीत ती चांगली, कारण तिच्यात सेंद्रिय कर्बाचं ऑक्सिडेशन करणारं डायक्रोमेट कार्बोनेटला हात लावत नाही. १ ग्रॅम चाळलेली माती, १० मिली १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, ३० मिनिटं विश्रांती. मग २०० मिली पाणी, १० मिली फॉस्फोरिक आम्ल, डायफेनिलअमाइन दर्शक आणि फेरस अमोनियम सल्फेटनं अनुमापन (टायट्रेशन). जांभळट निळा रंग जाऊन हिरवा आला की थांबायचं.

चुका ठरलेल्या आहेत. या क्रियेला लागणारी उष्णता आम्लातूनच येते. आम्ल हळूहळू ओतलं किंवा फ्लास्क थंड फरशीवर ठेवला तर ऑक्सिडेशन अपुरं होतं. आम्ल एका दमात ओता, फ्लास्क लाकडी फळीवर ठेवा. आम्ल घातल्यावर रंग लगेच हिरवा झाला तर डायक्रोमेट संपलंय, कमी माती घेऊन पुन्हा करा. फेरस अमोनियम सल्फेट हवेत बिघडतं, त्यामुळे ब्लँक, म्हणजे माती न घालता केलेली तीच चाचणी, रोज हवा. खारवट जमिनीतले क्लोराइड आकडा फुगवतात, तिथे आम्लात सिल्व्हर सल्फेट मिसळतात. उरलेलं क्रोमियमचं द्रावण विषारी असतं. ते मोरीत ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा.

ही पद्धत सरासरी ७७ टक्के कर्ब पकडते, म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. काही प्रयोगशाळा गुणतात, काही गुणत नाहीत. ०.४५ आणि ०.५८ हे एकाच मातीचे आकडे असू शकतात. अहवाल हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा. दुसरा प्रश्न: हा सेंद्रिय कर्ब आहे की सेंद्रिय पदार्थ? दोघांत १.७२४ पट फरक धरतात.

पाणी किती वेगानं मुरतं हे मोजायला दुहेरी कडी वापरतात: आतलं ३० सेंमी व्यासाचं, बाहेरचं ६० सेंमीचं. फळी आडवी ठेवून दोन्ही सारखी १० सेंमी ठोकायची, आत ५ सेंमी पाणी ठेवायचं. ओतताना खाली प्लास्टिक अंथरा, नाहीतर वरचा थर ढवळून चिखल होतो आणि तोच छिद्रं बुजवतो. सोडियम जास्त असलेलं बोअरचं पाणीही चिकणमाती विस्कटून टाकतं. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम.

काळ्या जमिनीत अर्ध्या तासाचं मापन निरुपयोगी आहे. पटानचेरूचे आकडे पाहा: पहिल्या अर्ध्या तासात ताशी ७६ मिमी वेग, दुसऱ्या तासात ४ मिमी, आणि १४४ तासांनंतर ०.२१ मिमी. पहिला आकडा भेगांचा, शेवटचा फुगलेल्या मातीचा. दोन्ही खरे, पण जूनच्या पहिल्या वळवाला पहिला लागू आणि ऑगस्टच्या झडीला शेवटचा. बांधबंदिस्ती किंवा सरींचा उतार ठरवायला शेवटचाच धरावा. तो मोजताना कडी झाकून ठेवा. दिवसाला ६ मिमी बाष्पीभवन म्हणजे ताशी ०.२५ मिमी, मुरण्याच्या वेगापेक्षा जास्तच.

भेगांतून पाणी कुठे जातं हे डोळ्यांनी बघायचं असेल तर खाद्य रंगात वापरला जाणारा ब्रिलियंट ब्लू लिटरला ४ ग्रॅम घालून १ चौरस मीटरवर ४० लिटर झारीनं द्या. दुसऱ्या दिवशी खड्डा घेऊन दर १० सेंमीला उभा काप काढा आणि फोटो घ्या. निळ्या रेघा भेगांच्या कडेनं खाली उतरलेल्या आणि मधली ढेकळं कोरडी, असं चित्र दिसतं. यावरून ओल मोजणाऱ्या सेन्सरचं एक कोडंही सुटतं. जूनमध्ये ६० सेंमीवरचा सेन्सर २० सेंमीवरच्याआधी ओल दाखवतो. तो बिघडलेला नसतो, पाणी भेगेतून थेट तिथे पोचलेलं असतं. सेन्सर वाफशात, खड्ड्याच्या भिंतीत आडवे बसवा. वरून उभ्या भोकात बसवले तर माती आकसताना सेन्सरभोवती फट पडते आणि पाणी तिथूनच धावतं. कंपनीनं दिलेलं अंशांकन (कॅलिब्रेशन) भारी चिकणमातीला सहसा लागू पडत नाही, आधी सांगितलेल्या नळीनं घेतलेल्या वजनांशी ते जुळवून घ्यावं लागतं. मातीत पुरलेल्या पोर्सेलिनच्या कपानं शोषून घेतलेला पाण्याचा नमुनाही ढेकळातल्या पाण्याचा असतो, भेगेतून धावलेल्या पाण्याचा नाही.

पाणी आणि कर्ब सगळ्यात जवळ येतात ते पहिल्या पावसाला. कोरड्या मातीवर पाणी पडलं की काही तासांत कार्बन डायऑक्साइडचा लोट सुटतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर १९५८ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. आठवड्याच्या नियमित फेरीत हे निसटतं. त्यासाठी २० सेंमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचं कडं आदल्या दिवशीच ५ सेंमी रोवून ठेवा, कारण रोवताना माती हलली की तिथूनही वायू सुटतो. पाऊस थांबताच आत तिवईवर हा वायू शोषणाऱ्या अल्कलीचं, म्हणजे २० मिली १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचं, चंचुपात्र ठेवून हवाबंद झाका, २४ तासांनी बदला. बेरियम क्लोराइड घालून फिनॉल्फ्थलीनवर आम्लानं अनुमापन करा. शोषलेल्या प्रत्येक मिलिइक्विव्हॅलंटमागे (म्हणजे खर्ची पडलेल्या १ नॉर्मल अल्कलीच्या दर मिलीमागे) ६ मिलिग्रॅम कर्ब. तळ बंद केलेलं एक कडं ब्लँक म्हणून हवंच. अल्कलीचा दोनतृतीयांशापेक्षा जास्त भाग खर्ची पडला तर आकडा कमी आलाय असं समजा आणि पुढच्या वेळी ती वाढवा. चुनखडीच्या रानात या वायूचा काही भाग दगडातल्या कर्बाचाही असतो, तेव्हा सगळा सेंद्रिय पदार्थाच्या नावावर लिहू नका.

नमुना डबीवर तारीख, थर आणि गट क्रमांक सगळेच लिहितात. त्याच्या खाली त्या दिवशीची ओलीची टक्केवारी आणि थराचं कोरडं वजन हे दोन आकडेही लिहा, आणि उरलेली १०० ग्रॅम सुकी माती काचेच्या बरणीत जपून ठेवा. दहा वर्षांनी नवे नमुने येतील तेव्हा जुनी मातीही त्याच दिवशी, त्याच द्रावणांनी पुन्हा तपासता येईल.